कुंपणापलीकडची माती

दोन्ही हातांत बादली धरून लेटी प्रूइटने बी-खताच्या दुकानाचं दार कोपराने ढकललं, आणि त्याच क्षणी आतून कुणीतरी ते ओढलं. ती बादलीसकट थेट त्याच्या छातीवर.

"सांभाळ. बादलीत सोनंबिनं आहे की काय?"

"माती आहे. तपासायला द्यायचीय."

"कुठली?"

"माझ्या... माझ्याच शेतातली."

तो हसला. उंच, उन्हाने भाजलेला, टोपी डोळ्यांवर ओढलेली. "मी कोल्बी स्टॅम्पर. काकांची टेकडी आता माझ्याकडे आलीय. तुझ्या कुंपणाला लागूनच."

लेटीचे कान तापले. कारण बादलीतली माती त्याच टेकडीवरची होती. सकाळीच ती कुंपणावरून उडी मारून गेली होती आणि दहा ठिकाणी वीतभर खणून ती माती तिने गोळा केली होती. केंटकीच्या त्या डोंगरात हरणांसाठी चारा पेरणं म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांतली इभ्रतीची गोष्ट. लेटी दरवर्षी जीव तोडून पेरायची आणि हरणं मात्र तिच्याकडे पाठ फिरवून म्हाताऱ्या स्टॅम्परच्या तुकड्यात जायची. त्याच्या मातीत असं आहे तरी काय, हे तिला एकदा बघायचंच होतं. म्हातारा गेला, टेकडी ओस पडली, कोण बघणार होतं?

"महिनाअखेर हरणांसाठी क्लोव्हरचा चारा पेरतोय," कोल्बी म्हणाला. "आईसाठी. खुब्याचं ऑपरेशन झालंय तिचं. इथे येऊन ओसरीत बसून हरणं बघायचीत म्हणते. सगळे पैसे बियाण्यात घातले बघ."

"माती तपासलीस?"

"कशाला? काकांची जमीन ती. तूच सांग, चांगली आहे ना?"

"मला... मला काय माहीत!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्यानंतर कोल्बी काही ना काही निमित्त काढून कुंपणाशी यायचा. कधी पाना हवा म्हणून, कधी टोमॅटो जास्त झाले म्हणून. श्रावणासारखी भुरभुर चालू असायची, तारेवरून थेंब ओघळायचे, आणि तो तारेवर हात टेकून विचारायचा, "आज काय चुकलं माझं? बघत नाहीस ती?"

"तुझ्याकडे बघण्यासारखं आहे काय?"

"टोमॅटो आहेत."

ती हसायची, आणि हसता हसता तिला स्वतःचीच लाज वाटायची. इतका सरळ माणूस, आणि आपण त्याच्या हद्दीत चोरून शिरलेल्या.

मग मातीचा निकाल आला. जमीन पार आंबट, आम्लधर्मी. हरणं यायची ती म्हाताऱ्याच्या झाडांखाली पडणाऱ्या सफरचंदांसाठी असणार. या मातीत क्लोव्हर उगवून पिवळा पडून मरणार होता. गप्प राहिलं तर त्याचं बियाणं मातीत जाणार, त्याची आई ओसरीत बसून उघडी जमीन बघणार. बोललं तर... तर तो कुंपणाशी पुन्हा कधी येणार नाही.

पेरणीच्या सकाळी ती या वेळी फाटकातून गेली. कोल्बी ट्रकमधून बियाण्याची पोती उतरवत होता.

"पेरू नकोस," ती खाली बघत म्हणाली. "माती आंबट आहे. आधी चुना टाकावा लागेल. आत्ता गव्हासारखी ती राय पेर, ती तग धरते. क्लोव्हर फेब्रुवारीत टाकू... टाक. त्या दिवशी बादलीत तुझी माती होती, कोल्बी. मी चोरली होती."

खिशातून फोन काढून त्याने तिच्यापुढे धरला. फोटोत लेटी होती. गुडघ्यांवर, पाठ कॅमेऱ्याकडे, डोकं जवळजवळ खड्ड्यात. हरणांवर नजर ठेवणारा असा कॅमेरा तिच्याही ओकच्या झाडाला बांधलेला होता. शेजाऱ्याच्या झाडालाही असेल, हे त्या शहाणीला सुचलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"म्हणजे दुकानात तुला... तेव्हाच माहीत होतं?"

"पुढच्या फोटोत तू बादली घेऊन तुझ्या कुंपणावरून परत उडी मारतेयस. त्यावरूनच तर ओळखलं तुला." त्याचाही चेहरा उतरला होता. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल... तू रोज लाजायचीस आणि मी रोज बघत राहायचो. शरम मलाही वाटली पाहिजे."

"मी कधीच सांगून टाकलं असतं, तू नुसता शेजारी असतास तर," लेटी म्हणाली. "चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि विसरले असते. तू आवडायला लागलास, म्हणून तोंडातून शब्द फुटेना. आणि तू आवडतोस, म्हणूनच आज आले."

कोल्बीने टोपी काढली. काय करावं न सुचून पुन्हा घातली.

"क्लोव्हरसाठी फेब्रुवारीपर्यंत थांबतो," तो हळूच म्हणाला. "बाकीच्या... आपल्या गोष्टीसाठीही थांबायचं का?"

"आधी आईला काय सांगणार ते ठरव. हरणं बघायला यायची होती ना ती?"

"कॅमेऱ्याचे फोटो तिच्याही फोनवर जातात, लेटी."

"नाही..."

"तुझा फोटो तिनेच आधी बघितला. रोज विचारते, त्या पोरीने कबूल केलं का? केलं की लगेच कळव, हरणं नसली तरी चालतील म्हणते, मी निघते." त्याने नंबर फिरवला. "आई? हो. आत्ताच."

लेटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फाटक उघडंच होतं, पण ती तिकडे गेली नाही.