उणे नऊशे दहा

मंगळावरच्या गेरूवाडीत पाण्याचा एकच पोलादी पाइप होता, खाऱ्या ओलसर मातीत पुरलेला, तीन किलोमीटर लांब. धुळीच्या वादळाने सौरपट्ट्या झाकल्या तेव्हा उरलीसुरली वीज श्वासासाठी ठेवावी लागली आणि पाइपाचा गंजरोधक प्रवाह तोडावा लागला. त्याला आज एकशे चार दिवस झाले होते. पृथ्वीवरच्या समितीने खुर्चीत बसून निकाल दिला होता : पाइपाची चाळणी झाली असणार, वसाहत सोडा. काही पुरावा असेल तर संध्याकाळपर्यंत कळवा.

इथे जन्मलेल्या अकरा मुलांना पृथ्वीचं गुरुत्व सोसणार नव्हतं. म्हणूनच पुरावा शोधायला कुमुदताई तांडेल पाइपाशी आल्या होत्या. कोकणातल्या धक्क्यांच्या लोखंडी खांबांचा गंज मोजण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी पाइपाचा विद्युतदाब मोजणारी मापनकांडी मातीत खुपसली. उणे तीनशे मिलिव्होल्ट.

"संपलं, ताई." शिरस्त्राणात, वसाहतीतून पडद्यावर पाहणाऱ्या वसाहतप्रमुख यशोधनचा आवाज आला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक मालयान वादळात हरवलं होतं. तेव्हापासून वाईट बातमीवर त्याचा चटकन विश्वास बसे.

"थांब रे. वरची माती सुकलीय. कोरड्या मातीत कांडी खरं बोलत नाही." ताईंनी बाटली ओतली. पाणी गोठू नये म्हणून निघतानाच त्यांनी त्यात मीठ कालवलं होतं.

"अहो, ते तुमचं दिवसभराचं प्यायचं पाणी!"

"मग आज घसा कोरडा राहील."

आकडा सरकत सरकत उणे नऊशे दहावर थांबला. उणे आठशे पन्नासच्या खाली पोलाद सुरक्षित असतं. ताईंनी दुसरी कांडी लावून पाहिली. तोच आकडा.

"पण प्रवाह तर बंद आहे!"

"आपला बंद आहे. पोलादाऐवजी दुसरा धातू झिजला, तरीही पोलाद वाचतं. त्याला आम्ही बलिधातू म्हणतो. तो पाइपाला टेकलेला हवा आणि त्याच ओल्या मातीत हवा. इथे कुणीतरी आपल्यासाठी झिजतंय, यशोधन."

"मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?"

"वीज बंद करून मोजायची कुणाची छाती झाली? आपल्याच विजेच्या आकड्याखाली हे झाकलं गेलं."

जिकडे आकडा आणखी उणे होईल, तिकडे तो धातू. ताई पाइपावरून चालत निघाल्या. हजार. अकराशे. पाइपाच्या टोकाशी, वाळूच्या टेकाडाजवळ, चौदाशे.

यशोधन खणनयंत्र घेऊन धावत आला. वाळूखालून आधी शेपटी निघाली, मग क्रमांक. त्याने गुडघे टेकून क्रमांकावरची वाळू पुसली. हे त्याचंच यान होतं. शोध घेतला होता तो दोन किलोमीटर पश्चिमेला.

जमिनीत खोल घुसलेल्या यानाच्या फुटलेल्या पोटातून सांडलेले, अर्धेमुर्धे झिजलेले मॅग्नेशियमचे ठोकळे पाइपाला घट्ट भिडले होते. याच पाइपाला गंजापासून वाचवण्यासाठी ते पाठवले होते. ते हरवले म्हणूनच तर विजेचा खटाटोप करावा लागला होता.

यशोधन हुंदके देत हसत होता. ताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ, समितीला कळव," त्या म्हणाल्या. "म्हणावं, माल पोचलाय. अकरा वर्षांपूर्वीच."