सुकाणूवाला बुडतो तो धडा

“लिफ्टमध्ये कोण अडकलंय?”

दारातून हा प्रश्न आला तेव्हा बाई फळ्यावर जहाज काढत होती. जहाज कसलं, परातीत उभा केलेला झाडू वाटावा असं काहीतरी... तिने वळून पाहिलं. दारात एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, केसांवर धुक्याचे बारीक थेंब, आणि छातीचा भाता चाललेला.

“कुठली लिफ्ट?” बाईने विचारलं.

“या इमारतीतली. फोन आला होता. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलोय, पाणी आत येतंय, लवकर या—”

“पाणी? लिफ्टमध्ये?”

“मलाही तेच वाटलं. पण घाबरलेला माणूस काहीही बोलतो. त्याच्याशी वाद नाही घालायचा.”

“अहो, पण या इमारतीला लिफ्टच नाहीये! आत्ता कशाने वर आलात?”

त्याने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे. “खरंच की,” तो म्हणाला. “धावताना लक्षातच नाही आलं.”

सगळा वर्ग खो खो हसला. तोही हसला. त्याने त्या नंबरावर परत फोन लावला आणि बाईच्या कानाशी धरला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. नळाला पाणी यायच्या आधी येते ना, तशी घरघर तेवढी येत होती. बाईच्या मानेवर शहारा आला. तो फोनमधल्या आवाजाने, की इतक्या जवळ आलेल्या त्या हाताने, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

“कसला वर्ग आहे?” त्याने विचारलं.

“इंग्रजीचा. परीक्षेला समुद्रावरची एक जुनी कादंबरी नेमलीय.”

“ती प्रमाणपत्राची परीक्षा? मला द्यायचीच आहे ती. त्याशिवाय कंपनी पक्कं करत नाही.” त्याने पिशवी खाली ठेवली. “बसू?”

“बसा,” बाई म्हणाली. “नाहीतरी चार मजले फुकट चढलात.”

तर अशी ती भेट. बाई तशी तिशीचीही नव्हती, पण शिकवते म्हणून सगळे बाई म्हणत, तर आपणही तेच म्हणू. वर्ग भरायचा वाचनालयाच्या सगळ्यात वरच्या खोलीत, संध्याकाळी, लोकांची कामं सुटल्यावर. समुद्र तिथून इतका लांब, की वर्गातल्या बहुतेकांनी तो कॅलेंडरावरच पाहिलेला. आणि कादंबरी म्हणजे उशीला पर्याय होईल एवढी जाड! म्हणून बाई दर आठवड्याला एक प्रकरण स्वतः सोप्या इंग्रजीत लिहून काढायची आणि त्याच्या झेरॉक्स वाटायची. शिवाय प्रत्येकाला जहाजावरचं एकेक काम दिलेलं. वर्गात हाक मारायची ती त्याच नावाने. लाजणारी माणसं दुसऱ्याच्या नावाने बरी बोलतात, हा तिचा अनुभव. त्यामुळे घरं रंगवणारा रंगारी झाला डोलकाठीवर चढणारा खलाशी. बेकरीतल्या काकू आचारी. टॅक्सीवाला टेहळ्या. निवृत्त शिंपी आजोबा जहाजावरचं पोरगं, कारण त्याला संवाद कमी आणि आजोबांना झोप जास्त. कप्तान व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती स्वतः. उरला होता सुकाणूवाला.

“सुकाणूवाल्याला काय करावं लागतं?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“कप्तान सांगेल ते.”

“जमेल,” तो म्हणाला, आणि असा सरळ बघत म्हणाला की बाईच्या हातातला खडू मोडला.

पहिले काही आठवडे मजेत गेले. लिफ्टवाल्याचं इंग्रजी म्हणजे कुलूप गंजलेलं, पण किल्ली बरोबर. एकेक शब्द खटपट करून उघडायचा. वर्ग सुटल्यावर तो बाईबरोबर जिना उतरायचा. जिन्यावरचे दिवे कधी लागत, कधी नाही.

“लिफ्ट अडकली की तुम्ही आधी काय करता?” एकदा तिने विचारलं.

“बोलतो. आतल्या माणसाशी. दुरुस्ती नंतर.”

“काय बोलता?”

“काहीही. डाव्या कुशीवर झोपता की उजव्या... शाळेत कुठल्या बाकावर बसायचात... आवाज येत राहिला पाहिजे. अंधारात आवाज थांबला ना, की माणूस मनानेच खाली जायला लागतो.”

“मग आता बोला काहीतरी. दिवा गेलाय.”

“तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?”

“अहो!”

“बघा, घाबरायचं विसरलात की नाही?”

पुढे डोलकाठीवरचा खलाशी पडला.

म्हणजे कादंबरीत पडला. बाईने तो धडा शिकवला, रंगाऱ्याने ‘मी पडतोय’ हे वाक्य इतकं झोकात म्हटलं की काकूंनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच आठवड्यात तो खरोखरचा शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये, वर्गाला येणं बंद. सगळे हळहळले. योगायोग, दुसरं काय!

मग आचाऱ्याला ताप येतो तो धडा आला. पुढच्या वर्गाला काकू आल्या नाहीत. बेकरीत चौकशी केली तर म्हणे कावीळ, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय.

टेहळ्याला लाट नेते, तो धडा बाईने जरा चाचरतच शिकवला. टॅक्सीवाला हसत होता. “बाई, मी पोहायला शिकू का?” म्हणाला. त्यानंतर तो दिसला नाही. फोन बंद. घरमालक म्हणाला, खोली सोडून गेला, कुठे ते सांगितलं नाही.

तिघंही जिवंत होती हो. टॅक्सीवाल्याने नंतर कुठूनसा फोटोही पाठवला, नव्या गाडीला टेकून. पण तोवर वर्गात तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या नुसत्या रिकाम्या नव्हत्या... शिपाई कुरकुरायचा, “बाई, या खुर्च्यांवर पाणी कोण सांडतं?” बाईने हात लावून पाहिला. बसायच्या जागी ओल. वर छत कोरडं ठणठणीत.

आणि आवाज. वर्गात सगळ्यांनी एका सुरात वाचायची पद्धत होती. आता तिघंच उरली होती, बाई, लिफ्टवाला आणि पेंगणारे आजोबा. तरी कागद वर धरून ‘होय कप्तान!’ म्हटलं की खोली भरून आवाज यायचा. त्यात रंगाऱ्याचा खोकला होता. काकूंचा शेवटचा शब्द नाकात म्हणायचा लकबदार हेल होता. बाई गप्पकन थांबली. लिफ्टवाल्याकडे पाहिलं तर तो तिच्याकडेच पाहत होता.

“तुम्हालाही...?” तिने हळूच विचारलं.

“आलं ऐकू,” तो म्हणाला. “वाचत राहा. थांबू नका.”

घरी आईला सांगितलं तर आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “तुझ्या वर्गात माणसं टिकत नाहीत, यात समुद्राचा काय दोष? त्या उंच मुलाचं सांग. तो टिकलाय ना अजून?”

“आई, विषय काय, तू बोलतेस काय!”

“विषय तोच आहे. चेहरा बघ आरशात.”

बाईने आरशात पाहिलं नाही. कारण विषय खरोखरच तोच होता. शेवटच्या प्रकरणात जहाज फुटतं. पोरगं तेवढं होडीत बसून वाचतं. आणि सुकाणूवाला बुडतो.

बाईने काय काय केलं नाही! पुढचा धडा द्यायचा सोडून उजळणी घेतली. उजळणी संपल्यावर उजळणीची उजळणी घेतली. “तुम्ही आणि आजोबा कामं बदलून घ्या ना,” असंही सुचवून पाहिलं. आजोबा खुशीत म्हणाले, “घेतो की! सुकाणू म्हणजे स्टिअरिंगच ना?” पण लिफ्टवाला ऐकेना. “मी माझी जागा सोडणार नाही,” म्हणाला, आणि हसला. परीक्षा तर चार दिवसांवर आलेली. तोंडी परीक्षेत शेवट हमखास विचारतात. शिकवला नाही तर त्याची नोकरी पक्की होणार नाही. शिकवला तर... तर काय होईल, हा विचार ती पुरता करतच नसे. तो रोज लिफ्टच्या उभ्या विहिरीसारख्या काळोख्या बोळात, नुसत्या तारेच्या भरवशावर लोंबकळून काम करतो, एवढंच डोळ्यांपुढे यायचं.

शेवटी तिने एका शिक्षिकेने कधीही करू नये ती गोष्ट केली. शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं आणि खोटं लिहिलं. सुकाणूवाल्याला तिने लाटांतून ओढून काढलं, होडीत बसवलं, अंगावर कोरडी घोंगडीसुद्धा घातली. आणि झेरॉक्स काढून आणल्या.

त्या संध्याकाळी धुकं असं दाटलं होतं, की खिडकीबाहेर जग आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. लिफ्टवाला उभा राहून वाचू लागला. एक परिच्छेद... दुसरा... घोंगडीपाशी आला आणि थांबला.

“बाई, हे पुस्तकात नाही.”

“आहे तर.”

“नाही. मी वाचलंय.” त्याने पिशवीतून एक पिवळं पडलेलं जुनं पुस्तक काढलं. “रद्दीवाल्याकडे भाषांतर मिळालं. पहिल्याच आठवड्यात घेतलं. एका रात्रीत संपवलं.”

बाई खुर्चीत बसली. “म्हणजे... तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? सुकाणूवाला बुडतो ते?”

“हो.”

“आणि हे सगळं होत असताना... खलाशी, आचारी, टेहळ्या... तरी काम बदलून घेतलं नाहीत? का?”

तो जरा घुटमळला. कान लाल झाले. “कारण कप्तान ज्याच्याशी पानोपानी बोलतो, असा अख्ख्या जहाजावर एकच माणूस आहे. ते काम आजोबांना देऊ?”

आजोबा घोरत होते. बाईला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

“मला भीती वाटली,” ती म्हणाली. “वेड्यासारखी. तुम्ही नापास झालात तर पुन्हा बसता येईल. पण तुम्ही नाहीच आलात तर... तुमच्याशिवाय मला—” पुढे शब्दच सुचेना. एवढी भाषा शिकवणारी, पण नाहीच सुचला.

“ते कळलं मला. घोंगडीवरून कळलं.” तो पुढे आला आणि कागद तिच्यापुढे ठेवला. “पण तुम्ही एक चूक केलीत. मला वाचवलंत. आणि हे बघा, खाली... कप्तान बुडालाय. तसाच ठेवलाय तुम्ही त्याला पाण्यात.”

बाईने वाचलं. खरंच होतं. दोन दिवस खपून तिने सुकाणूवाल्याला वाचवलं, आणि स्वतःला बुडताना बघायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं.

“कप्तानच नाही तर मी किनाऱ्यावर करू काय?” तो हलकेच म्हणाला. “घोंगडी पांघरून बसू?”

तिने कागद बाजूला सारले आणि ते जाड इंग्रजी पुस्तक ओढून शेवटचं पान उघडलं. “खरं वाचू या,” ती म्हणाली. “दोघं मिळून.”

मूळ पुस्तकात कप्तान सुकाणूवाल्याला म्हणतो, होडीत जा, ही माझी आज्ञा आहे. ते वाक्य वाचताना बाईचा आवाज कापला. पायाखालची फळी करकरली. पाठीमागे, त्या तीन खुर्च्यांवर, कोणीतरी एकदम श्वास रोखून धरला असावा असं वाटलं. खोलीभर मिठाचा वास पसरला.

“मी इथेच थांबतो,” लिफ्टवाल्याने इंग्रजीत म्हटलं. अडखळला नाही. एकेक शब्द मोकळा, स्वच्छ. आणि ते म्हणताना त्याने पुस्तकाकडे पाहिलंच नाही.

यावर कप्तान काय म्हणतो, ते पुस्तकात नाही. लाट येते आणि पान संपतं. बाईने पुस्तक मिटलं. “थांबा मग,” ती आपल्या भाषेत म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरला.

मागे कोणीतरी खोकलं. वळून पाहिलं तर तिथे फक्त खुर्च्या होत्या.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. आजोबांची नात त्यांना न्यायला आली होती. आजोबा दचकून उठले, “काय, वाचलो का मी?” म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता टोपी घालून गेले. गाडीचा आवाज धुक्यात विरत गेला.

मग दोघं उतरली. एकही दिवा लागला नाही. तो सारखा बोलत होता, परवाच्या परीक्षेबद्दल, तिच्या फळ्यावरच्या झाडूबद्दल, आणि कुठल्या कुशीवर झोपता ते अजून सांगितलं नाहीत याबद्दल. ती ‘डाव्या’ म्हणाली, तेव्हा तळमजला आला होता.

दाराबाहेर रस्ता नव्हता. नुसतं करडं, हलणारं, श्वास घेणारं काहीतरी पायरीला येऊन लागत होतं आणि मागे सरत होतं. समोरची दुकानं नव्हती, खांब नव्हते. बाई उंबऱ्यावर थबकली.

“आज्ञा करा, कप्तान,” तो म्हणाला. आवाज त्याचाही जरा बारीकच झाला होता. “जायचं की परत वर जायचं?”

“वर खुर्च्या आहेत.”

“हो. तेही आहेच.”

तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले. आणि दोघांनी एकदमच त्या करड्यात पाऊल टाकलं.

खाली रस्ता होता. नेहमीचाच, खड्ड्यांसकट.