फुफू कोण चावतं?

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या आईच्या, सेर्वाच्या बाबतीत खरंच घडलंय. आमच्या कुमासी शहराच्या बाजारामागच्या एका छोट्या रेडिओ स्टेशनात, पावसाळ्यातल्या एका कुंद संध्याकाळी.

तेव्हा तिला सहावा महिना होता. आधीची पोरं पोटातच गेलेली. सासू तिला भरवून भरवून हैराण करायची आणि ती मुकाट गिळायची. हे मूल तिला काहीही करून हवं होतं.

स्टेशनवर एका गाजलेल्या भयकादंबरीचं नाटक बसवत होते. त्यातली विधवा रोज मेलेल्या नवऱ्यापुढे फुफूचं वाडगं मांडते. मेलेल्याला गिळायला घसा उरलेला नसतो. म्हणून तो फुफू... चावत बसतो.

आता फुफू म्हणजे उकडलेले कंद कुटून केलेला मऊ गोळा, ती काय चावायची वस्तू आहे? बोटांनी घास तोडायचा, सारात बुडवायचा आणि सरळ गिळायचा. आमच्यात पोर चावायला लागलं तर पाठीत धपाटा बसतो. कादंबरी वाचताना लोकांना शिसारी आली होती. पण तिच्यावर सिनेमा निघाला, तेव्हा नेमके त्याच जागी सगळे हसले.

म्हणून रेडिओवाल्यांनी चावणं गाळूनच टाकलं.

विधवेचं काम सेर्वाकडे होतं. माइकसमोर खरं फुफू आणि शेंगदाण्याचं सार ठेवलं होतं. तिने चार गोळे गिळले. रेकॉर्डिंग करणाऱ्या ओपोकूने ते परत लावलं.

गिळल्याचा आवाज आला.

आणि त्यामागून...

मच. मच. मच.

“ताई, चावलंस होय?”

“माझी अक्कल काय चरायला गेलीय? फुफू कोण चावतं?”

“मग हे कोण जेवतंय?”

त्याने वाडगं बाहेर नेलं. तिला गप्प बसवून पुन्हा रेकॉर्ड केलं.

आता गिळणं नव्हतं. फक्त ते ओलं, सावकाश चघळणं होतं.

सेर्वाला भडभडून उलटी झाली. गिळलेले गोळे तिथेच जमिनीवर पडले. सांगतानाही मला किळस येते... त्यांच्यावर दातांचे वण होते. अगदी बारीक दातांचे.

ओपोकूने वाकून पाहिलं आणि तोही ओकला.

त्यानंतर तिच्या पोटात काही ठरेना. जे खाई ते बाहेर पडे, आणि त्यावर तेच वण असत. ती वाळत गेली. पोट मात्र वाढत होतं.

घाबरून ती सुईणीकडे गेली. सुईणीने लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकवला...

आणि झटकन मागे सरली. पदराने कान पुसला. मग पुन्हा पुसला.

“ठोके आहेत ना, मावशी?”

“आहेत गं. चांगले दणदणीत आहेत.”

“मग कान का पुसताय?”

 सुईणीने ती नळी चुलीत घातली.

मी वेळेवर जन्मलो, चांगला गुटगुटीत.

आमच्याकडे आई आणि लेकरं एकाच वाडग्यात हात घालतात. आईने मला फार जीव लावला, पण माझ्याबरोबर ती एकदाही जेवली नाही. मी घास तोंडात घातला की ती उठून परसात जायची. तिथे ओकताना मला ऐकू यायची.

मी फुफू सगळ्यांसारखं गिळतो. देवाशपथ गिळतो.

पण जेवण झालं की... माझा जबडा दुखतो.