‘नाही’चं बटन

किल्ल्याच्या कड्यावरून माझा तोल गेला आणि हाताला लागलं ते मी घट्ट धरलं… तो कुणाचा तरी हात होता. ऊबदार, खराखुरा!

"मॅडम, आप पडाव में हैं, किले पर नहीं," कुणीतरी हसत म्हणालं.

मी डोळ्यांवरचा हेडसेट काढला. पडाव भागातलं ते नवं व्हीआर सेंटर, आणि समोर उत्कर्ष फाळके. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची ही आभासी सैर त्यानेच बनवली होती.

"मराठी ना? ‘आई गं’ म्हणून ओरडलात."

"आणि तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत."

"तुम्ही सोडलाच नाहीत… अजूनही!"

मी चटकन हात मागे घेतला. कान तापले होते.

मग काय, शिंदे की छावनीत राहणारी ही यशश्री बँकेतून सुटली की रोज तिथेच! त्याने नवीन काही बनवलं की मी चुका काढायची. तो भांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दुरुस्त करायचा.

महिन्याभरात आईने सांगितलं, रविवारी इंदूरचे लोक तुला बघायला येणार. मी उत्कर्षला सांगितलं. मग त्याचा दोन दिवस फोन नाही… शनिवारी संध्याकाळी मेसेज आला— "एक बार आ जाओ, प्लीज."

गेले. त्याने हेडसेट दिला.

किल्ल्यावर सोनेरी ऊन, झुळकीसरशी उडणाऱ्या पाकळ्या, आणि शेरवानीतला रुबाबदार उत्कर्ष. "यशश्री, माझ्याशी लग्न करशील?" हवेत एकच बटन चमकलं— ‘हो’.

मी बोट उचललंसुद्धा… आणि थांबले.

"उत्कर्ष, ‘नाही’ कुठाय?"

"…बनवलंच नाही. डर लग रहा था."

मी हेडसेट काढून त्याच्या हातात ठेवला.

"मग ते उत्तर माझं कसं? इथे विचार. इथे मी नाही म्हणू शकते."

बाहेर टेम्पोवाले हॉर्न बडवत होते. त्याच्या टी-शर्टवर चहाचा डाग होता, केस विस्कटलेले.

"लग्न… करशील माझ्याशी?" त्याचा आवाज फाटला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने दोनदा घाम पुसला, पण नजर हटवली नाही.

"करीन," मी म्हणाले. "आता घरी चल. इंदूरला फोन करायला आईला तूच सांगायचंस!"