‘मुक्ताई’चं रंगकाम

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. इथं दोन्ही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. १९९९ च्या मे महिन्यात, बिबवेवाडीतल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. योगेश आजही शपथेवर सांगतो. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. खरं तर त्यालाही तेच हवंय.

योगेशच्या आजोबांनी १९२४ साली एरंडवण्यात बंगला बांधला. आपल्या बायकोच्या नावाने, ‘मुक्ताई’. पुढे गोल पोर्च, आत लाल-काळ्या फरशीचा हॉल, वर मंगलोरी कौलं. दारांवर रंगीत काचांचे अर्धगोल होते. उन्हं उतरली की हॉलभर लाल-निळा उजेड सांडायचा. योगेशचे वडील वैजनाथराव, म्हणजे दादा, त्याच घरात जन्मले.

दादांनी हयातीतच बंगला योगेशच्या नावावर केला. अट एकच घातली.

"मी आहे तोवर पाडू नकोस."

"काहीतरीच काय, दादा," योगेश तेव्हा म्हणाला होता.

मग त्याला सॉफ्टवेअरमधली नोकरी लागली. आजूबाजूचे बंगले एकेक करून पडले, इमारती उठल्या. कौलं गळायला लागली. एक बिल्डर येऊन बसायला लागला. योगेशला मोह झाला, आणि मोह झाला की कारणं आपोआप सापडतात.

दादांना त्याने सांगितलं, "घराला रंग देऊन घेतोय. धुळीने तुम्हाला दम लागेल. तोवर बिबवेवाडीत राहू."

दादांचे गुडघे गेलेले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवलं की दादा खाली उतरणार नव्हते. योगेशने तेही धरूनच फ्लॅट निवडला होता.

आठवड्याभरात बंगला जमीनदोस्त झाला.

एका दुपारी योगेश घरी होता. आतून दादांचा आवाज आला. फोनवर बोलत होते.

"हं... पोर्च झाला का? आणि जिन्याचा कठडा? पॉलिश पेपर नीट मारून घ्या हो."

योगेश दारातच थांबला. "कोणाशी बोलताय, दादा?"

"आपल्या घरी फोन लावला होता. रंगारी आहे. बरा माणूस वाटतो. आजकालच्यासारखी घाई नाही त्याला."

योगेशने रीडायल दाबलं.

‘या क्रमांकाचा टेलिफोन अस्तित्वात नाही,’ टेपवरची बाई म्हणाली.

अस्तित्वात असेलच कसा... बंगल्यातला तो काळा फोन त्याने स्वतः काढून आणला होता. इथंच माळ्यावर पडला होता.

"वय झालंय, स्वतःशीच बोलत असतील," त्याची बायको नम्रता म्हणाली. "पण तू सांगून टाक ना रे आता."

"नवी बिल्डिंग उभी राहू दे. मग एकदम दाखवू."

"वा. म्हणजे सरप्राइझच."



दादा रोज दुपारी जेवण झालं की फोन लावायचे. मग बातमी द्यायचे.

"हॉलचा पिस्ता रंग खरवडला आज. तुझ्या आईने निवडलेला तो, लग्न होऊन आली तेव्हा."

दुसऱ्या दिवशी, "त्याच्याखाली पिवळा निघाला. मी लहानपणी तापाने पडलो होतो ना, तेव्हाचा. त्या भिंतीकडेच बघत पडायचो."

"दादा, तो रंग देतोय की काढतोय?"

"खरवडल्याशिवाय नवा बसतो का?" दादा हसले. "आता अगदी पहिला हात लागलाय. निळीचा चुना. घर बांधलं तेव्हाचा."

मग जरा थांबून म्हणाले, "फोनवर त्याच्या मागे कोणीतरी उखळात कुटत होतं रे... बांगड्या वाजत होत्या."



"तुझ्या खोलीचंही विचारलं मी. ती सगळ्यात शेवटी करणार म्हणाला."

सांगायचं, आज सांगायचंच, असं तो रोज ठरवायचा. पण दादांचा चेहरा इतका खुललेला त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याची जीभ रेटेना. लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून तो आणखी एक दिवस गप्प राहायचा.

एका रविवारी दादांनी रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

"घे. तुला बोलावतायत."

योगेशने कानाला लावला. टेप नव्हती...

खर्र... खर्र...

कोणीतरी भिंत खरवडत होतं. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तसा घुमत होता.

मग तो थांबला.

"तुझी खोली सोडली तर झालं सगळं," एक बाई म्हणाली. आवाज तरुण होता, बोलणं जुन्या वळणाचं. "दारं उघडी ठेवलीत. वैजूला पाठवतोस ना?"

दादांना वैजू म्हणणारी एकच बाई होती. त्यांची आई, मुक्ताई. योगेशच्या जन्माआधीच ती गेली होती.

समोर दादा त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते. सहलीला न्यायची वाट बघणाऱ्या मुलासारखे. एक वाक्य पुरलं असतं. फोन ठेवायचा आणि म्हणायचं, दादा, तिथं घर नाही.

पण खोटं सांभाळायची सवय लागली होती. योगेश हसला आणि फोनमध्ये म्हणाला,

"हो, पाठवतो."

"काय म्हणाले?" दादांनी विचारलं.

"घर तयार आहे म्हणाले."

"बरं झालं," म्हणून दादा आडवे झाले. नम्रता चहाला उठवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. वय होतंच. त्यांच्या उजव्या हाताच्या नखांकडे कोणी पाहिलं नाही. योगेशने पाहिलं. नखांत निळा चुना होता.

ओला.

आता त्या जागेवर इमारत उभी आहे. बिल्डरने मोठ्या मनाने नाव ‘मुक्ताई’च ठेवलंय. योगेश तिथंच राहतो. नम्रता म्हणते, विकून टाक. पण दुसऱ्यांदा विकायचं तर कोणत्या तोंडाने?

अधूनमधून दुपारी फोन वाजतो. पलीकडे कोणी बोलत नाही. नुसतं खर्र... खर्र...

योगेश आता सगळं सांगतो. "दादा, बंगला मी पाडला. तुम्ही असताना पाडला. आणि तुम्हाला पाठवलंही मीच." ढसाढसा रडतो.

खरवडणं थांबत नाही. तिकडे आता एकच खोली बाकी आहे.