नव्याण्णव टक्के

सासूबाईंनी खाटेवर पडल्यापडल्याच सांगून टाकलं, "हिनेच भाजीत काहीतरी घातलं."

शेजारच्या खाटेवर सात महिन्यांची गरोदर सून डोकं धरून बसली होती. "मग मी कशाला खाल्ली असती, आई?" एवढं बोलली आणि तिला पुन्हा उलटी झाली.

तातडीच्या विभागात रुजू होऊन धाकट्या डॉक्टरांना जेमतेम महिना झाला होता. दोघींची डोकी ठणकत होती, चक्कर येत होती. पण ताप नाही, जुलाब नाहीत. बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन नव्याण्णव टक्के दाखवत होता. त्यांनी केसपेपरवर 'विषबाधा?' असं लिहिलं आणि त्या प्रश्नचिन्हाकडेच बघत राहिले.

तेवढ्यात विभागप्रमुख डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दोघींना घेऊन आलेल्या सासूबाईंच्या मुलाला विचारलं, "तुम्ही जेवला होतात?"

"सगळ्यांत जास्त मीच. मग रात्रपाळीला गेलो. सकाळी येऊन बघतो तर दोघींची ही अवस्था."

"घरी आणखी कोण?"

"बाबा. काल दाढ काढली म्हणून ते जेवलेच नाहीत. त्यांचंही डोकं दुखतंय. मला झोपू दे म्हणाले."

"घराखाली काय आहे?"

"लॉन्ड्री. बॉयलर चोवीस तास चालू. थंडी म्हणून आम्ही खिडक्यांच्या फटीही बुजवल्यात."

बाईंनी तडक अग्निशमन दलाला फोन लावला. "आत एक माणूस आहे. आधी त्याला बाहेर काढा." मग दोघींना घट्ट मास्कने पूर्ण ऑक्सिजन लावायला सांगितला आणि रक्त तपासणीला धाडलं.

धाकटे डॉक्टर गोंधळले. "पण ऑक्सिजन तर नव्याण्णव आहे, मॅडम."

"चिमट्याला फक्त लाल रंग कळतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला तसंच दिसतं. आता बघा, सगळ्यांत जास्त जेवलेला ठणठणीत आणि न जेवलेला आजारी. मग दोष जेवणाचा कसा? आजारी तेच, जे रात्रभर त्या बंद घरात होते. बॉयलरचा धूर वर येतोय."

रक्ताचा अहवाल आला. सुनेच्या रक्तातलं सत्तावीस टक्के हिमोग्लोबिन त्या विषारी वायूने अडवलेलं होतं. पाठोपाठ फोन आला: धुराडं फुटलेलं, बाबा बेशुद्ध, पण श्वास चालू.

"बाळ?" सासूबाईंनी मास्कआडून विचारलं.

"ठोके लागताहेत. पण बाळाच्या रक्तातून हा वायू सावकाश निघतो. सूनबाईंना जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या कक्षात न्यायचंय, आत्ताच."

सासूबाईंनी शेजारच्या खाटेकडे हात पुढे केला. सुनेने तो धरला नाही. झटकलाही नाही.