दोरीचं दुसरं टोक

माणसाला पळायचा कंटाळा कधी येतो, ठाऊक आहे? पहिल्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी सगळेच शूर. नवे बूट, नवा टी-शर्ट, नव्याचे नऊ दिवस. कंटाळा येतो तिसऱ्या महिन्यात, तोही भल्या पहाटे, चोविसाव्या किलोमीटरला. पाय ठीक असतात, छातीही ठीक असते, पण डोक्यात कोणीतरी ऐसपैस मांडी घालून बसतं आणि विचारतं, "कशाला पण?" त्या "कशाला पण"ला उत्तर नसतं. आमच्या ऑपरेटरचं दर रविवारी हेच व्हायचं.

ऑपरेटर म्हणजे इस्पितळातल्या टेलिफोनवरचा. त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. बायकोसुद्धा त्याला ऑपरेटरच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी त्याचे डोळे गेले, आणि आता चाळिशी उलटली होती. म्हणजे बावीस वर्षं तो कुणाचं ना कुणाचं कोपर धरून चालत होता. धरू देणारी माणसं चांगली होती हो, पण सगळी त्याला हळू चालवायची. जपून, सावकाश, पुढे पायरी आहे, थांबा जरा. स्वतःच्या वेगानं कुठं जाणं म्हणजे काय, हे तो पार विसरून गेला होता.

मग मेहुण्यानं त्याला पळायला शिकवलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर असायचा, स्वतः लांब पल्ल्याचा पळणारा. त्यानं हातभर लांबीची एक जाड दोरी आणली, दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढे फासे केले. एक फासा ऑपरेटरच्या उजव्या हातात, दुसरा मेहुण्याच्या डाव्या हातात. एक हिसका म्हणजे पुढे खड्डा. दोन हिसके म्हणजे वळण. लांब ओढ म्हणजे थांब. पहिल्या दिवशी दोघं जेमतेम पाचशे पावलं पळाले असतील, पण त्या दिवशी ऑपरेटर घरी येऊन बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. कानाला वारा लागला होता त्याच्या, बावीस वर्षांनी.

त्यानंतर बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. बायको म्हणाली, "घरात उठून पाण्याचा तांब्या घेत नाही हा माणूस, आणि म्हणे बेचाळीस किलोमीटर!" पण रोज पहाटे उठून ती चहा टाकायचीच.

आणि मग ते चोविसाव्या किलोमीटरचं दुखणं लागलं. आधी ऑपरेटर बोलायला लागायचा. पोटरी दुखतेय रे. काल ड्यूटी जड गेली रे. असं बोलता बोलता थांबायचा. चार रविवार असेच गेले. तेव्हा मेहुण्यानं नियम केला: हातात दोरी आली की तोंड बंद. पळणं संपेपर्यंत एक शब्द नाही, याचा नाही की त्याचा नाही. "भाऊजी, तुमचे पाय थकत नाहीत, तोंड थकवतं त्यांना," तो म्हणाला.

तरी पाचव्या रविवारी ऑपरेटर चोविसालाच थांबला. गुरुवारी मेहुणा घरी आला तो भडकूनच.

"मी रात्रभर भट्टीपुढे भाजून निघतो, भाऊजी. झोप सोडून येतो. येत्या रविवारी तीस झाले पाहिजेत. नाही झाले तर ही दोरी खुंटीला टांगायची. मग पुन्हा माझ्याकडे विषय काढायचा नाही."

"अरे, पण..."

"पण नाही नि बिण नाही. पाच वाजता फाटकापाशी."

ऑपरेटरच्या काळजात धस्स झालं. दुसरं कोण पळणार होतं त्याच्याबरोबर? मेहुण्यानं दोरी सोडली की पुन्हा कोपर. पुन्हा जपून, सावकाश. उरलेलं सगळं आयुष्य.

रविवारी पाचला तो खाली उतरला तेव्हा धुकं पडलं होतं. ते त्याला कळायचं. आवाज जवळच विरून जायचे, गालांवर ओल बसायची. फाटकापाशी उभा राहून त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला. दोरीचा दुसरा फासा कोणीतरी अलगद घेतला.

बोलायचं नव्हतंच. ऑपरेटरनं मनाशी म्हटलं, अजून राग गेलेला दिसत नाही स्वारीचा. आणि दोघं निघाले.

आता खरं सांगायचं तर तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. मेहुणा भट्टीवरून थेट यायचा. त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास असायचा, इतका की पळता पळता भूक लागावी. आज वास नव्हता. मेहुण्याचा एक बूट कुरकुरायचा. आज कुरकुर नव्हती. नुसती कुरकुरच नाही, दुसरी पावलंच ऐकू येत नव्हती. ऑपरेटरला वाटलं, वा, आज काय जमलंय दोघांचं! पाऊल इतकं जुळलंय की दोघांचा मिळून एकच आवाज येतोय. माणसाला चांगलं मानायचं असलं की तो कशाचंही चांगलं मानतो.

आणि पळणं तरी कसं! बाहेरचा तो लांब सरळ रस्ता, रोजच्याच फेऱ्या, पण दोरी आज जिवंत असल्यासारखी. खड्डा येण्याच्या नेमकी तीन पावलं आधी हिसका. ना जास्त, ना कमी. मनगटावरचं बोलकं घड्याळ दर किलोमीटरला आकडा सांगत होतं. दहा. पंधरा. वीस. ऑपरेटरला धाप लागत नव्हती.

चोवीस.

आणि डोक्यातला तो पाहुणा आलाच. कशाला पण? ऑपरेटरची पावलं जड झाली. तोंडाशी शब्द आले, ते त्यानं गिळले. पण हात ऐकेना. त्यानं दोरीला लांब ओढ दिली. थांब.

दोरी थांबली नाही. उलट तिनं त्याला पुढे ओढलं. हिसका नव्हे, आपण एखाद्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे घालतो ना, तसं. ऑपरेटरचे पाय पुन्हा उचलले गेले. मग दोन हिसके आले, डावीकडे वळण. या रस्त्यावर इथं ते कधीच वळत नसत. पण ऑपरेटर मनातल्या मनात हसला. लबाड आहे लेकाचा! रोजची थांबायची जागाच चुकवली.

पंचवीस. सव्वीस. पायाखाली डांबर जाऊन खडी आली, मग बारीक भुकटी आली. गाड्यांचे आवाज मागे राहिले. पाखरांचे राहिले. ओल्या सिमेंटचा वास यायला लागला. अठ्ठावीस. एकोणतीस. रस्ता चढू लागला, आणि चढावरसुद्धा त्याचा वेग कमी झाला नाही. बावीस वर्षांत त्याला असं कोणी नेलं नव्हतं. जपून नाही, सावकाश नाही. तीस! घड्याळातली बाई तीस म्हणाली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कमरेच्या पिशवीत फोन वाजला. नियम म्हणजे नियम. त्यानं वाजू दिला. पुन्हा वाजला. वाजू दिला. घड्याळ म्हणालं, एकतीस. झालंच की आता, म्हणून त्यानं पळता पळता डाव्या हातानं फोन काढून कानाला लावला.

"अहो, कुठं आहात तुम्ही?" बायकोचा आवाज चिरकला होता.

"तीस झाले! एकतीस झाले! तुझ्या भावाला म्हणावं..."

"धाकटा इथं आहे."

"काय?"

"इथं आहे हो, माझ्यासमोर! बेकरीत डोळा लागला त्याचा, आत्ता जाग आली, तशीच माफी मागायला धावत आलाय. तुम्ही... तुम्ही कुणाबरोबर गेलात?"

ऑपरेटर जागच्या जागी उभा राहिला.

फोनमधून बायको ओरडत होती, मग मेहुण्याचा आवाज आला, तो विचारत होता, "भाऊजी, दोरी कुणी धरलीय?" पण दोरी ताठ होती. ओढ नव्हती. नुसती ताठ. दुसऱ्या टोकाला जो कोणी होता, तोही थांबला होता. वाट बघत होता.

"कोण... कोण आहे?"

उत्तर नाही. श्वास नाही. दोन हातांवर माणूस उभा असला तर त्याच्या कपड्यांची सळसळ येते, पोटातली गुडगुडसुद्धा येते. तिथं काहीच नव्हतं. आणि दोरी मात्र ताठ.

त्यानं फोन खाली टाकला आणि फासा सोडवायला लागला. धुक्यानं भिजून दोरी मनगटात रुतली होती. बोटं चालेनात, तेव्हा त्यानं दात लावले. कातडी सोलली. फासा निघाला तसा तो मटकन खाली बसला आणि तसाच बसून राहिला. पाचावर धारण बसली होती, दुसरं काय.

दोरी पुढे सरकत गेल्याचं त्याला ऐकू आलं. भुकटीवरून खरर्, खरर्, सावकाश. चार पावलं असतील. मग आवाज बंद झाला. पडल्याचा नाही, काहीच नाही.

खाली पडलेल्या फोनमधून मेहुणा सांगत होता, "भाऊजी, फोन बंद करू नका, तुम्ही कुठं आहात ते मला मोबाइलच्या नकाशावर दिसतंय, मी टेम्पो घेऊन निघालोय." ऑपरेटर मांडी घालून बसला. हात जमिनीला घट्ट टेकवले. मधे एकदा त्याला वाटलं, गालाजवळून गार काहीतरी गेलं. धुकं असेल म्हणून त्यानं मान खाली घातली.

अर्ध्या तासानं टेम्पोचा आवाज चढावर आला, थांबला, दार आपटलं. मग मेहुण्याची हाक आली, आणि ती हाक ऐकून ऑपरेटरच्या अंगावर काटा आला, कारण इतका घाबरलेला आवाज त्यानं इस्पितळाच्या फोनवरसुद्धा ऐकला नव्हता.

"भाऊजी... हलू नका. हात हलवू नका. मी येतोय."

पावाचा वास आला. दोन हातांनी त्याला काखेत धरून मागे ओढलं, चांगलं दहा-बारा हात.

"काय आहे तिथं?"

"काही नाही," मेहुणा म्हणाला. "तेच तर. काही नाही. अर्धवट उड्डाणपूल आहे हा, भाऊजी. तुमच्या पुढे चार पावलांवर संपतो. खाली..." तो ऑपरेटरला मिठी मारून हुंदके देऊन रडायला लागला. "माझा डोळा लागला हो. माझाच डोळा लागला."

ऑपरेटरनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मेहुण्याची चूक कसली? वास नाही, आवाज नाही, हे सगळं कळत होतं त्याला, आणि तरी तो पळत राहिला होता. कारण ते छान वाटत होतं. हे त्यानं मेहुण्याला सांगितलं नाही. स्वतःलाही ते धडपणे सांगता येईना.

मेहुण्यानं त्याला टेम्पोत बसवलं आणि फोन उचलायला मागे गेला. परत यायला त्याला बराच वेळ लागला. आला तो पुढे बसलाच नाही. टेम्पोच्या मागच्या बाजूला गेला. पावाचे रिकामे क्रेट ठेवतात तिथलं मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मग गडबडीनं मागे सरलेली त्याची पावलं. दार लावल्याचा आवाज आला नाही.

"काय रे?"

मेहुणा खिडकीपाशी आला. कुजबुजला.

"भाऊजी, सिमेंटच्या भुकटीत पावलं उठलीत. तुमच्या बुटांची आहेत... आणि शेजारी अनवाणी. ती पार कडेपर्यंत."

"अनवाणी..."

"तिथं संपत नाहीत. परत आलीत. तुम्ही बसला होतात ना, तिथून हातभर अंतरावरून... इथपर्यंत. टेम्पोच्या मागच्या दारापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे नाहीत."

ऑपरेटरनं चाचपडत दार उघडलं आणि खाली उतरला. "चल," तो म्हणाला, "टेम्पो राहू दे इथंच. चालत जाऊ."

तो मेहुण्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला. त्याचं डावं कोपर त्यानं दोन्ही हातांनी धरलं, असं घट्ट की बावीस वर्षांत कुणाचं धरलं नसेल. इतकी वर्षं ज्याचा राग केला तो चालण्याचा वेग आज त्याला हवाहवासा वाटत होता. जपून, सावकाश. उतार लागला. धुकं तसंच होतं. मेहुणा समोर बघून चालत होता, मागे वळत नव्हता, आणि ऑपरेटर त्याच्या बुटाच्या कुरकुरीवर जीव लावून एकेक पाऊल टाकत होता.

शंभरेक पावलं गेली असतील. मेहुण्याची चाल मंदावली. मग अगदी हळू आवाजात, मान न वळवता तो म्हणाला,

"भाऊजी... माझं उजवं कोपर सोडा ना. दुखतंय."